ऑपरेशनच्या आधीचं रेकॉर्डिंग

किस्से कुणी साठवत नाही, ते आपोआप साठतात. आमच्या घरी गादीखाली प्लास्टिकच्या पिशव्या साठतात ना, तसे. कुणी ठेवल्या विचारा, कुणीच नाही! गादी उचलली की मात्र हा एवढा ढीग. बायको म्हणते फेका एकदाच्या, आणि संध्याकाळी भाजी आणली की स्वतःच अजून दोन खुपसते.

आमच्या क्वायरचं तसंच आहे. क्वायर म्हणजे चर्चमध्ये एकत्र उभं राहून गाणारी मंडळी. अंबरनाथला आमचं लहानसं चर्च आहे, वर पत्रे, गाणारे बारा-चौदा जण. मी त्यात बेस गातो. बेस म्हणजे सगळ्यात खालचा, जाडा आवाज. नाव कचरू, शिक्षण चौथी, आणि जन्म गेला एमआयडीसीत बॉयलरवर. गोड बोलायची सवय नाही, तेव्हा आहे ते सांगतो.

लोकांना वाटतं, नाताळची कॅरल्स रेकॉर्ड करायची म्हणजे लाल टोप्या, केक, नुसती मजा. मजा कसली डोंबलाची! मी आयुष्यात एवढा घाबरलो नव्हतो. आणि मी एकटाच नाही. कुणी माइकला घाबरलेलं, कुणी गेटला, कुणी डॉक्टरला. आता चहा पिताना हसतो आम्ही. तेव्हा कुणाच्या बापाला हसू येत नव्हतं.

*

सुरुवात मार्थापासून झाली.

मार्था आमची आल्टो. बायकांमध्ये वरचा आवाज आणि खालचा आवाज असतो, त्यातला खालचा तो आल्टो. वय पन्नाशीच्या पुढे, शिवणकाम करते, तिचा नवरा दानिएल रिक्षा चालवतो. तोही आमच्यातच गातो, टेनर. म्हणजे पुरुषांतला वरचा.

एका रविवारी प्रॅक्टिस संपली, सगळे चपला शोधत होते, तेव्हा मार्था म्हणाली, "मास्तर, माझ्या गळ्यात गाठ निघालीय."

मास्तर म्हणजे साळवे मास्तर. क्वायर तेच चालवतात. शाळेतनं रिटायर होऊन जमाना झाला, पण अजून सगळ्या जगाला पाचवीतलं पोरगं समजतात. आमच्यापैकी कुणाला 'बरं गायलास' असं त्यांनी म्हटलेलं मी ऐकलेलं नाही.

"ऑपरेशन?" त्यांनी विचारलं.

"डिसेंबरात. डॉक्टर म्हणाले काढावीच लागेल. पण आवाजाची नस तिथूनच जाते म्हणे. तिला धक्का लागला तर..." पुढचं तिनं सांगितलं नाही. दानिएल आपला चष्मा पुसत होता. पुसलेलाच परत पुसत होता.

आम्हाला वाटलं मास्तर आता प्रार्थना करतील, धीराचे दोन शब्द बोलतील. मास्तर म्हणाले, "म्हणजे रेकॉर्डिंग नोव्हेंबरातच उरकायला पाहिजे."

माझं टाळकंच सटकलं. "मास्तर, बाई जिवाच्या भीतीनं उभी आहे आणि तुम्हाला रेकॉर्डिंग सुचतंय?"

"जिवाची नाही हो काका," मार्था म्हणाली. "हे आंघोळीला जातात आणि रोज आतून ओरडतात, 'टॉवेल!' मी इकडून 'आणते' म्हणते. आवाज गेल्यावर काय करू? टाळ्या वाजवू?"

बोलली ती गमतीनं. पण कुणी हसलं नाही, आणि मग तीही हसायची थांबली.

*

स्टुडिओ मिळाला उल्हासनगरला, कॅम्प तीनमध्ये. मालक किशिनभाई, सिंधी माणूस. दुकानांच्या जाहिराती, भजनं, सत्संग, सगळं रेकॉर्ड करतो. भंगारवाल्याच्या गाडीवर जो आवाज दिवसभर बोंबलत फिरतो ना, तो खुद्द किशिनभाईचा!

त्यानं आमची पलटण बघितली आणि डोक्याला हात लावला. "साईं, इतने लोग? मेरा कमरा देखा है?"

कमरा म्हणजे काचेचा डबा. पूर्वी फोनचे बूथ असायचे तेवढा. आतून सगळा काळा फोम. एका वेळी एक माणूस मावणार.

"एक-एक करके गाओ," तो म्हणाला. "बाद में मैं सबको जोड़ दूँगा."

झालं! सगळ्यांची तोंडं उतरली. आम्ही एवढी वर्षं खांद्याला खांदा लावून गाणारी माणसं. शेजारच्याचा सूर ऐकायचा आणि आपला त्यात सोडायचा, ही आमची पद्धत. एकट्यानं गायची वेळ कुणावर आली नव्हती.

"पहिला कोण?" मास्तरांनी विचारलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. दानिएल म्हणाला, "कचरूकाका बॉयलरच्या आत उतरलेले आहेत. त्यांना कसली भीती?"

खरं आहे. बॉयलरच्या पोटात सरपटत शिरून मी पापुद्रे खरवडलेत. अंधार, गरमी, श्वास कोंडतो. कधी काही वाटलं नाही. पण त्या डब्यात गेलो, कानावर ते हेडफोन चढवले, दार बंद झालं आणि माझ्या शेजारी कुणी नाही! कानात नुसता पियानो. पायाला घाम फुटतो हे मला त्या दिवशी कळलं.

गायलो. किशिनभाईनं थांबवलं. "काका, कुछ कट-कट आ रहा है."

घड्याळ काढलं. चाव्या काढल्या. बंडीतले सुटे पैसे काढले. तरी कट-कट. शेवटी मास्तर आत आले, माझ्या तोंडाजवळ कान नेला आणि म्हणाले, "कवळी वाजतेय याची."

"काका, डरो मत," किशिनभाई म्हणाला.

"कोण डरतंय!" मी म्हणालो. आणि कवळी वाजली.

"काढ ती," मास्तर म्हणाले.

"अहो, मग शब्द कसे येतील?"

"बेसचे शब्द कुणी ऐकत नाही. काढ."

तीस वर्षं मी शब्द पाठ करत होतो!

*

दानिएल आत गेला. पियानो सुरू झाला, पियानो संपला, दानिएल तसाच. तोंड उघडं, आवाज नाही.

"भाई, माइक चालू है," किशिनभाई म्हणाला.

"माहितेय."

"तो गाओ ना."

"ती कुठंय?"

मार्था कायम त्याच्या उजव्या हाताला उभी राहते. लग्न झाल्यापासून. तिचा श्वास ऐकून हा सुरू करतो. मास्तर म्हणाले, "ती बाहेर आहे. काचेतून दिसतेय की!"

"दिसून काय करू?"

मग मार्थाला आत ढकललं. डबा एवढासा, ती त्याच्या पाठीला चिकटून उभी राहिली. मास्तरांनी दम दिला, "ओठ मिटून उभी राहा. आवाज आला नाही पाहिजे."

दानिएल असा गायला की किशिनभाई खुर्चीत सरळ झाला. मग त्यानं आम्हाला ते वाजवून दाखवलं. प्रत्येक ओळीच्या आधी एक बारीक श्वास येत होता. दानिएलचा नाही. त्याच्या जरासा आधी. ती ओठ मिटून उभी होती, पण गाताना जिथं श्वास घेतला असता तिथंच घेत होती.

"ये निकाल देता हूँ. एक मिनट का काम," किशिनभाईनं माउस हलवला.

दानिएल भांडत नाही कधी. पॅसेंजर कमी पैसे देऊन उतरला तरी 'जाऊ दे' म्हणणारा माणूस. त्यानं किशिनभाईचं मनगट धरलं. "हात नको लावू."

"भाई, ये ग़लती है."

"असू दे."

"साँस है ये, गाना थोड़ी है!"

"तिचा आहे."

किशिनभाईनं मास्तरांकडे बघितलं. मास्तर छताकडे बघत होते. मार्था बाहेर पाणी प्यायला गेली होती, तिला यातलं काही माहीत नाही. किशिनभाई हळूच मला म्हणाला, "साईं, मेरे पास सब लोग साँस निकलवाने आते हैं. रखवाने ये पहला आया है."

*

स्टुडिओच्या शेजारी जीन्स शिवायचा कारखाना. त्यांचा एक भला मोठा एग्झॉस्ट पंखा, दिवसभर घूंऽऽ करून घुमायचा. भिंतीतून, फोममधून, कुठून कुठून तो आवाज आत यायचाच. पहिल्या दिवशी मास्तर जाऊन कारखान्याच्या शेठशी कडाकडा भांडून आले. पंखा काही बंद झाला नाही. मग आम्ही विसरून गेलो.

मार्थाची गायची पाळी आली तो दिवस मला अजून आठवतो. सकाळपासून ती कुणाशी बोलली नव्हती. आवाज जपून ठेवलेला. गळ्याला मफलर, हातात कोमट पाण्याची बाटली. डब्यात गेली आणि गायला लागली. दोन कॅरल्स, त्यातलं एक मेंढपाळांचं, अशी सुरेख झाली की मास्तरांनी चूक काढली नाही. मास्तरांनी चूक काढली नाही म्हणजे समजा!

तिसऱ्यात, ओळीच्या मधोमध, तिचा चेहरा पांढराफटक पडला. हेडफोन ओढून काढले. दोन्ही हात गळ्याला. दार ढकलून बाहेर आली. दानिएल उठला तो खुर्ची पाडूनच.

"गेला," ती म्हणाली. "आवाज गेला माझा."

"अगं बोलतेयस ना!"

"गेला हो. मला लागेना तो. कुठं आहे कळेना."

तिचे डोळे बघून मला वाटलं, झालं. डॉक्टरच्या आधी देवानंच नेला. दानिएल तिच्या पाठीवरून हात फिरवत होता. किशिनभाई "पानी, पानी" करत स्वतःच पाणी प्यायला.

मास्तरांनी बोट वर केलं. "गप्प. ऐका."

ऐकलं. काही नाही.

"काय ऐकायचं?" मी विचारलं.

"तेच. पंखा बंद झालाय."

शेजारी जेवणाची सुट्टी झाली होती! इतका वेळ बाई त्या घूंऽऽवर सूर टेकवून गात होती, तिचं तिलाही माहीत नव्हतं. पंखा थांबला आणि पायाखालची जमीनच गेली.

मग मास्तर स्वतः शेजारी गेले. शेठ डबा खात बसलेला. मास्तरांनी हात जोडले. "शेठ, पंखा जरा चालू ठेवा."

"परसों तो बोले बंद करो!"

"चूक झाली," मास्तर म्हणाले. हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला आणि शेवटचाही.

ते रेकॉर्डिंग कान देऊन ऐका. पियानोच्या खाली सारखं काहीतरी घुमतंय. लोक विचारतात, हे कुठलं वाद्य? आम्ही सांगतो, उल्हासनगरचं!

*

परत येताना एका संध्याकाळी दानिएलच्या रिक्षात आम्ही चौघं. दानिएल पुढे, मागे मार्था, मास्तर आणि मी. एमआयडीसीच्या रस्त्याला लागलो आणि तो वास आला. आंबट, डोळ्यांत जाणारा. कुठल्या कंपनीनं काय सोडलं देव जाणे. इथल्या माणसाला त्याचं नवल नाही. रुमाल लावायचा, एक शिवी घालायची, पुढे जायचं.

पण त्या दिवशी मार्था खोकली. एकदाच. दानिएलनं रिक्षा अशी पळवली की खड्ड्यात माझं डोकं वरच्या दांडीला आपटलं. मास्तरांनी अंगातला स्वेटर काढला आणि तिच्या तोंडाला, नाकाला, गळ्याला गुंडाळला. गच्च!

"मास्तर, श्वास घेता येत नाही मला!"

"कमी घे."

"अहो, नाक तरी मोकळं सोडा..."

"नाक तुझं आहे, त्याचं काय पाहिजे ते कर. गळा क्वायरचा आहे."

माझ्या डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. मी म्हणालो, "आणि आमचे गळे?"

"बेसला काय होतंय!" मास्तर म्हणाले. स्वतः मात्र बनियन आणि शर्टात कुडकुडत होते, आणि स्वेटरची गाठ काही त्यांनी हातातून सोडली नाही.

*

डिसेंबर लागला की आमची कॅरल पार्टी निघते. चर्चमधल्या ज्यांनी बोलावलं त्यांच्याच घरी जायचं, गायचं, चहा-करंजी खायची, पुढचं घर. न बोलावता आम्ही कुणाचं दार वाजवत नाही.

आमच्यातलं एक कुटुंब बदलापूरला शिरगावात नवीन टॉवरमध्ये राहायला गेलं. त्यांनी बोलावलं. रविवार, चांगला उजेड होता. सात-आठ जण गेलो. मार्थाही आली. ऑपरेशन जवळ आलं होतं, दानिएल नको म्हणत होता, ती म्हणाली, "यंदा येतेच."

गेटवर वॉचमननं अडवलं. फोन केला. सोसायटीचे सेक्रेटरी खाली आले, बरोबर आणखी दोघं. सेक्रेटरीच्या हातात मोबाइल, त्यात टिंग-टिंग चालू. त्यांच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं होतं, गेटवर अनोळखी माणसं, हातात पिशव्या.

"कुणाकडे जायचंय?"

सांगितलं.

"कशाला?"

"गायला. त्यांनी बोलावलंय."

"काही वाटणार वगैरे आहात का? पुस्तकं?"

पिशव्या उघडून दाखवल्या. मार्थाची पाण्याची बाटली, एक स्पीकर, खडीसाखर, माझी कवळीची डबी. सेक्रेटरींनी डबी उघडली आणि लगेच मिटली.

माणूस वाईट नव्हता. कपाळावर घाम आलेला. "माझं स्वतःचं काही म्हणणं नाही हो," तो म्हणाला. "पण आजकाल माहितेय ना. कुणी व्हिडिओ काढला, कुणाला पाठवला, बाहेरची चार पोरं आली, तर उद्या मला धरतील."

आता बघा. तो आम्हाला घाबरलेला, आम्ही त्याला, आणि दोघं मिळून अशा कुणालातरी, जो तिथं नव्हताच! एरवी मी कुणाचं ऐकून घेत नाही. त्या दिवशी दोन्ही हात खिशात घालून गप्प उभा राहिलो. आजकाल काय काय ऐकू येतं, ते आम्हालाही माहीत आहे.

दानिएल म्हणाला, "आम्ही जातो परत. आमचं रेकॉर्डिंग पाठवू त्यांना मोबाइलवर."

सेक्रेटरीचा चेहरा एकदम उजळला. "रेकॉर्डिंग आहे? अहो मग प्रश्नच मिटला! तो स्पीकर द्या. वॉचमन वर जाऊन त्यांच्या दारात वाजवेल. गाण्याला कोण काय म्हणणार?"

"म्हणजे गाणं आत," मी म्हणालो, "आणि आम्ही?"

"तुम्ही बसा की इथं. खुर्च्या देतो ना!"

दिल्या. प्लास्टिकच्या. गेटच्या बाहेर आम्ही ओळीनं बसलो, दवाखान्यात नंबर लावून बसतात तसे. आणि आमचे आवाज वॉचमनच्या हातात बसून जिन्यानं वर निघाले. पहिला मजला, दुसरा मजला. लोक दारं उघडून ऐकत होते, गॅलरीत येत होते. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. गेटकडे कुणी बघितलं नाही.

मार्था ताठ बसली होती. वरून आल्टो ऐकू आला, अगदी साफ. तिनं माझ्या बाहीला धरलं.

"काका, नंतर असंच का? आवाज तिकडे आणि मी इकडे?"

मी म्हणालो, "खुर्च्या बऱ्या आहेत यांच्या."

थोड्या वेळानं वॉचमन उतरला. एका हातात स्पीकर, दुसऱ्या हातात करंज्यांचा डबा. ज्यांनी बोलावलं त्यांनी दिलेला; सोसायटीत नवीन, खाली यायला तेही घाबरले असावेत. खूश होता. मार्थाच्या मांडीवर स्पीकर ठेवत म्हणाला, "ऊपर सब बोले, माताजी, बहोत बढ़िया गाता है ये!"

*

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी हॉस्पिटलात आम्ही तिघं. दानिएल, मास्तर आणि मी. मार्थाला हिरवा गाऊन घातलेला, केसांवर टोपी. दानिएलनं खिशातून इअरफोन काढले.

"ऐकतेस का एकदा? जायच्या आधी?"

"नको," ती म्हणाली. "ठेवा ते. नंतर तुम्हाला लागेल."

आणि स्ट्रेचर आत गेलं.

डॉक्टर चांगला होता. त्यानं दानिएलला समजावलं, "शुद्धीवर आल्या की आम्ही त्यांना नाव विचारू. नाव बोलल्या की समजायचं नस शाबूत आहे. आवाज घोगरा असेल, घाबरू नका. पण बोलल्या पाहिजेत."

झालं, दानिएल बाकावर बसून पुटपुटायला लागला. "मार्था दानिएल गायकवाड. मार्था दानिएल गायकवाड." जसं काही परीक्षा त्यालाच द्यायचीय. मास्तर डोळे मिटून बसलेले. मी उभा. बसलो की पाय हलतात माझे, बाक वाजतो, लोक बघतात.

सांगितला होता त्यापेक्षा वेळ जास्त लागला. आमच्यानंतर आत गेलेला पेशंट बाहेर आला. त्याचे नातेवाईक पेढे आणायला गेले. आमच्या दाराची काही हालचाल नाही. दानिएलचं पुटपुटणं थांबलं. ते चालू होतं तोवर बरं होतं असं मला वाटलं.

दार उघडलं. नर्स. तरुण पोरगी, मास्क हनुवटीवर ओढलेला.

"गायकवाडांचे कोण?"

दानिएलला उठताच येईना. मी म्हणालो, "आम्हीच. बोला."

"शुद्धीवर आल्यात. पण..."

तो 'पण' मी अजून विसरलो नाही.

"नाव विचारलं तर सांगत नाहीत. डॉक्टरांनीपण विचारलं. घशातून नुसतं हूं-हूं चाललंय. एकाच सुरात. मध्येच जरा वर, जरा खाली, परत तिथंच. थांबतच नाहीत. यांना पूर्वी डोक्याचा वगैरे काही त्रास?"

दानिएल भिंतीला पाठ घासत खाली बसला. फरशीवरच. "देवा," म्हणाला.

दार अर्धं उघडं राहिलं होतं. आतून ऐकू आलं. आवाज म्हणावा असा नव्हताच तो. पत्रा फरफटत नेल्यासारखं, बारीक, खरखरीत. हूं, हूं, हूंऽ, हूं. भ्रमिष्ट बाई करते तसं. मी बाक धरला.

मास्तर उठले. दारापाशी गेले. कानामागे हात धरला आणि मान खाली घालून उभे राहिले. मग म्हणाले, "मेंढपाळांचं कॅरल आहे. दुसरं कडवं."

"काय?" नर्स म्हणाली.

आता आल्टो एकट्यानं ऐकाल तर त्यात गाणं सापडतच नाही. चाल सगळी वरच्या आवाजाकडे. आल्टोनं दोन-तीन सुरांत घुटमळायचं, एवढंच काम. मी तीस वर्षं त्याच्या शेजारी उभा राहिलोय, तरी मला ओळखू आलं नाही. नर्सला काय कळणार!

मास्तरांच्या कपाळाला आठी पडली. "सिस्टर, त्यांना सांगा, दुसऱ्या ओळीच्या शेवटी खाली यायचंय. त्या वरच राहतायत."

"अहो आजोबा, पेशंट अजून गुंगीत आहे!"

"असू दे. तुम्ही सांगा."

नर्सनं माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "सांगा बाई. नाहीतर हे स्वतः आत येतील."

ती आत गेली. दार बंद झालं. आणि ते हूं-हूं एकदम थांबलं.

काही नाही. पंखा नाही, पाऊल नाही, काही नाही. दानिएलनं खालून मास्तरांकडे बघितलं. असं बघितलं की दुसरा कुणी असता तर पळून गेला असता. मास्तर दाराकडे तोंड करून उभे. त्यांच्या शर्टाची पाठ घामानं भिजून चिकटली होती.

दार उघडलं. नर्सनं मास्क पूर्ण काढला होता.

"बोलल्या त्या," ती म्हणाली.

दानिएल उभा राहिला. "काय बोलली? नाव सांगितलं?"

"नाव नाही सांगितलं." नर्स मास्तरांकडे वळली. "त्या म्हणाल्या, मास्तरांना सांगा, रेकॉर्डिंग लावून बघा."